न दिसणारी तार

भूशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. त्यातलं सगळ्यात आवडीचं काम म्हणजे एम.एस्सी.च्या मुलांना हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणं. आरशांच्या स्टिरिओस्कोपखाली दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, नजर सैल सोडायची आणि सपाट कागदातून सह्याद्रीचा कडा वर उठायची वाट बघायची. घरात दादाला हॅम रेडिओचं वेड. त्याच्या अँटेनाच्या तारा ओढू लागता लागता मीही लायसन्सची परीक्षा देऊन टाकली. निवृत्तीनंतर हे दोन्ही नाद एकमेकांना येऊन मिळाले.

अमेरिकेने १९९५ साली आपल्या कोरोना उपग्रहांचे आणि त्यांच्या जोडीच्या प्रकल्पांचे आठ लाखांहून अधिक फोटो खुले केले. १९६० ते १९७२ या काळात अवकाशातून फिल्मवर काढलेले, त्या वेळी अतिगोपनीय असलेले हे फोटो आता कोणीही घरबसल्या मागवू शकतो. त्यांत सोव्हिएत लष्कराचे रेडिओ तळ हुडकत बसायचं, आणि जोडीला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विश्लेषकांनी हेच काम कसं केलं ते वाचायचं, हा माझा उद्योग. जुने विद्यार्थी अजून घरी येतात, त्यांच्याशी बोलताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे मांडते आहे.

१. तार शोधू नका, ती दिसणार नाही.

नवखा माणूस फोटोत अँटेना शोधायला लागतो, म्हणजे तार शोधायला लागतो. कोरोनाच्या शेवटच्या आणि सर्वांत चांगल्या कॅमेऱ्यातही जमिनीवरची साधारण १.८ मीटरची वस्तू जेमतेम वेगळी ओळखू येते. अँटेनाची तार काही मिलिमीटर जाडीची. ती तिथे असली तरी तुमच्यासाठी नाही. खांबही वरून पाहिला तर एक ठिपका, तोही नशिबात असेल तर.

मग दिसतं काय? खांबांचे काँक्रीटचे पाये. ताणाच्या तारा जमिनीत जिथे रोवल्या आहेत ते ठोकळे. ते बहुधा खांबाभोवती तीन दिशांना, सारख्या अंतरावर असतात आणि त्यांच्याभोवतीची माती जरा फिकी दिसते. अँटेनापासून इमारतीपर्यंत जाणारी फीडर केबल पुरण्यासाठी खणून पुन्हा बुजवलेला चर. झाडं तोडून मोकळी केलेली जागा. मधली एक बुटकी इमारत. एक विद्यार्थी पडद्यावर बराच वेळ डोळे ताणून म्हणाला, "मॅडम, इथे तर काहीच नाही. नुसतं शेत आहे." मी म्हटलं, "आजूबाजूची सगळी नांगरली आहेत, हे एकच का नांगरलेलं नाही ते बघ." त्याने मोठं करून पाहिलं. न नांगरलेल्या पट्ट्यात सारख्या अंतरावर चार फिके ठिपके होते, चौघांचा मिळून लांबट शंकरपाळीचा आकार होत होता, आणि एका टोकापासून एक सरळ रेघ इमारतीपर्यंत जात होती. ऱ्हॉम्बिक अँटेना. चार खांबांवर ताणलेल्या तारांचा चौकोन, लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हसाठी जगभरातल्या सैन्यांची एके काळची आवडती. चौकोनाची एकही बाजू फोटोत नव्हती. कोपरे होते, तेवढे पुरले.

भूशास्त्रातही हेच आहे. भ्रंशरेषा स्वतः क्वचितच दिसते. ओढे एका सरळ रेषेत वळलेले दिसतात, झाडं एका ओळीत दाट झालेली दिसतात, त्यावरून ती आहे असं म्हणायचं.

२. उंच वस्तू वरून बघायची नसते, तिची सावली बघायची.

ऐंशीच्या दशकात दादाच्या रिसीव्हरवर रात्री शॉर्टवेव्ह लावली की मधेच एक टकटक सुरू व्हायची. सेकंदाला दहा ठोके, एकसारखे, बोलणं बुडवून टाकणारे. जगभरचे हॅम त्याला 'रशियन सुतारपक्षी' म्हणत. १९७६ पासून ती टकटक ऐकू येऊ लागली होती. तो सोव्हिएत संघाचा दुगा रडार होता, क्षितिजापलीकडून उडणारी क्षेपणास्त्रं टिपण्यासाठी उभारलेला. त्याची एक प्रचंड अँटेना युक्रेनमध्ये चेर्नोबिलजवळ अजून उभी आहे.

ही अँटेना उपग्रहाच्या फोटोत पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. सुमारे १५० मीटर उंच, अर्ध्या किलोमीटरहून लांब पोलादी भिंत, आणि वरून दिसते ती जंगलातली एक बारीक रेघ. उभी जाळी वरून पाहिली तर दुसरं काय दिसणार! पण तिच्या उत्तरेकडे बघा. भिंत साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहे आणि त्या अक्षांशावर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडून तळपतो, त्यामुळे संपूर्ण जाळी, खांब आणि आडव्या पट्ट्यांसकट, सावलीच्या रूपाने झाडांवर आडवी पडलेली असते. अँटेनाची रचना जमिनीवर काढून ठेवल्यासारखी.

सावलीवरून उंची काढण्याचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचं आहे. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीकोनाचा टॅन. फोटोची तारीख, वेळ आणि जागेचा अक्षांश माहीत असला की सूर्याचा कोन काढता येतो. दुगासाठी करून बघा. २१ जूनला दुपारी तिथे सूर्य सुमारे ६२ अंशांवर असतो, १५० मीटरच्या खांबाची सावली ८० मीटरच्या आत आटोपते. २१ डिसेंबरला सूर्य १५ अंशांच्या आसपास, सावली साडेपाचशे मीटर. म्हणून माझी पसंती हिवाळ्यातल्या फोटोंना. त्यात बर्फ पडलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. पांढऱ्या जमिनीवर दोन विती जाडीच्या खांबाची सावलीही रेघ होऊन उमटते. एरवी १.८ मीटरच्या खालचं काही दिसत नाही असं आपण म्हणतो खरं, पण लांब आणि पार्श्वभूमीशी फटकून असलेली रेघ त्याहून कितीतरी बारीक असली तरी डोळ्याला सापडते. ठिपक्याला ही सवलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मेडमनम इथे डेन्सफील्ड हाउस नावाच्या वाड्यात हवाई फोटो वाचणाऱ्यांचं केंद्र होतं. तिथल्या रडार आणि वायरलेस विभागाचे प्रमुख क्लॉड वेव्हेल यांनी सावलीवरून उंची झटपट काढण्यासाठी स्वतःच एक उपकरण बनवलं होतं. आज संगणक ते क्षणात करतो. तरी मी विद्यार्थ्यांना पहिले काही खांब कागद-पेन्सिलने करायला लावते. जमीन उताराची असेल तर सावली लांबते किंवा आखडते, हे हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

३. एकच फोटो कधीही पुरेसा मानू नका.

फेब्रुवारी १९४१. फ्रान्सच्या शेर्बूर द्वीपकल्पाच्या टोकाला ऑडरविल नावाचं गाव. तिथल्या एका शेतात दोन गोल आकार फोटोत दिसत होते, सहा-सात मीटर व्यासाचे. ते काय आहेत हे कोणालाच कळेना. हे फोटो ब्रिटिश वैज्ञानिक गुप्तवार्ता पाहणारे डॉ. आर. व्ही. जोन्स यांच्याकडे आले. त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँक यांच्या लक्षात आलं की काही सेकंदांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंमध्ये एका गोलातल्या वस्तूची सावली किंचित बदलली आहे. फरक होता फोटोच्या कागदावर मिलिमीटरचा दहावा भाग. सूर्य तर काही सेकंदांत हलत नाही. म्हणजे वस्तू हलली. वर्तुळात फिरणारं काहीतरी उंच आणि चपटं. मग विमान खालून नेऊन तिरके फोटो काढले गेले आणि फ्रेया या जर्मन रडारची ओळख पटली.

मला या गोष्टीत मोठी वाटते ती फ्रँक यांची नजर तर आहेच, पण त्याहून त्यांनी दोन्ही फोटो पाहिले ही गोष्ट. टेहळणीचं विमान एकावर एक चढणारे फोटो काढतं ते स्टिरिओस्कोपसाठी. दोन्हींत तीच जागा असते, म्हणून घाईचा माणूस त्यातला बरा फोटो उचलतो आणि दुसरा बाजूला टाकतो. कोरोनाच्या पुढच्या उपग्रहांवर दोन कॅमेरे होते, एक जरा पुढे बघणारा आणि एक जरा मागे बघणारा, दोघांत ३० अंशांचा कोन. जोडी मागवायला दुप्पट खर्च येतो हे मान्य. तरी जोडीच मागवावी. खांब स्टिरिओत टाचणीसारखा वर येतो आणि जमिनीवरचा काळा डाग जमिनीवरच राहतो. हा एक फरक कळला की निम्मे वाद मिटतात.

आणि शक्य असेल तर तीच जागा वेगवेगळ्या वर्षांत बघावी. बांधकाम चालू असतानाचा फोटो मिळाला तर नशीबच म्हणायचं. चर उघडे असतात, पाये उघडे असतात, काय कुठून कुठे जोडलं ते स्वच्छ दिसतं. दोन वर्षांनी गवत उगवलं की सगळं झाकलं जातं.

४. मोजल्याशिवाय नाव देऊ नका.

तोफ झाकता येते, रणगाडा जाळीखाली जातो. अँटेनाला मात्र आपला आकार लपवता येत नाही, कारण तो तिला तरंगलांबीने घालून दिलेला असतो. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागा, मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. आमच्या गच्चीवर सात मेगाहर्ट्झचा डायपोल आहे, त्याची लांबी वीस मीटरच्या आसपास, म्हणजे अर्धी तरंगलांबी. ती मला दहा मीटर करायची म्हटली तरी सरळपणे करता येत नाही, आणि कुठल्या सेनापतीलाही नाही. म्हणून फोटोतली लांबी मोजली की तिथून काय बोललं जात असेल त्याचा अंदाज येतो. फ्रेयाची तरंगलांबी अडीच मीटरच्या जवळपास, म्हणून तिची चौकट तेवढी मोठी. वुर्झबर्ग या दुसऱ्या जर्मन रडारची ५३ सेंटिमीटर, म्हणून तीन मीटरच्या थाळीत भागलं.

वर्तुळाकार अँटेनांची गोष्ट या बाबतीत मजेची आहे. जर्मनांनी युद्धात डेन्मार्कमध्ये स्किब्सबी इथे १२० मीटर व्यासाच्या वर्तुळावर ४० उभे खांब रोवून एक दिशाशोधक उभारला, नाव वुलनवेबर. कुठूनही आलेला शॉर्टवेव्ह संदेश कोणत्या दिशेने आला हे तो सांगायचा. युद्धानंतर हीच कल्पना सोव्हिएतांनी घेतली, त्यांच्या अशा अँटेनाला 'क्रुग' म्हणजे वर्तुळ म्हणत. अमेरिकेने तर त्याहून अवाढव्य वर्तुळं इंग्लंडातल्या चिकसँड्सपासून जपानच्या मिसावापर्यंत बांधली, सैनिकांनी त्यांना नाव दिलं 'हत्तीचा पिंजरा'. दोन्ही बाजू एकमेकांचे संदेश कुठून येतात ते ऐकायला एकाच जर्मन कल्पनेची वर्तुळं बांधत होत्या, आणि दोघांच्याही वर्तुळांना आकाशातून लपायला जागा नव्हती. वर्तुळ ही निसर्गात दुर्मीळ गोष्ट.

मोजताना एक धोका. कोरोनाचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे झुलत लांब पट्टी टिपायचा, त्यामुळे पट्टीच्या मध्यभागी आणि टोकांना प्रमाण सारखं नसतं. उपग्रहाच्या उंचीवरून काढलेलं एकच प्रमाण सगळीकडे लावलं की शंभर मीटरचे ऐंशी होतात. त्याच फोटोत, अँटेनाच्या जवळ, माहितीच्या आकाराची काहीतरी वस्तू शोधावी. लष्करी वसाहतीत बहुतेक वेळा धावण्याचं मैदान असतं, ४०० मीटरची अंडाकृती धावपट्टी. ती देवासारखी धावून येते. किंवा तीच जागा आजच्या नकाशावर ओळखून दोन पक्क्या इमारतींमधलं अंतर घ्यावं.

५. अँटेना कुठे बघते ते काढा, पण सपाट नकाशावर काढू नका.

हा माझा सगळ्यात लाडका धडा, त्यामुळे जरा लांबण लावते.

दिशादर्शक अँटेना आपली दिशा स्वतःच सांगते, फक्त प्रत्येकीची भाषा वेगळी. ऱ्हॉम्बिक लांब कर्णाच्या दिशेने बघते. एका ओळीतल्या खांबांमध्ये तारांचा पडदा टांगलेला असेल तर ती ओळीच्या काटकोनात बघते. लॉग-पिरिऑडिक, म्हणजे एका टोकाकडे आखूड होत जाणाऱ्या दांड्यांची अँटेना, त्या आखूड टोकाकडे बघते. हे एवढं कळलं की मुलं लगेच नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारतात आणि ती रेघ कुठल्या देशात जाते ते सांगू लागतात. तिथेच चुकतं. शॉर्टवेव्ह पृथ्वीच्या गोलावरून जवळच्या वाटेने जाते आणि भिंतीवरच्या नकाशावर ती वाट वाकडी असते.

आपल्याच दारातलं उदाहरण घ्या. १९२७ च्या सप्टेंबरात हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनीची बीम वायरलेस सेवा सुरू झाली. इकडचं प्रक्षेपण केंद्र पुण्याला खडकीत होतं. उंच खांबांच्या ओळीवर टांगलेल्या तारांचा पडदा, झोत थेट इंग्लंडकडे. शाळेतल्या भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पुण्यापासून लंडनपर्यंत रेघ मारली तर तिची दिशा येते उत्तरेपासून २९९ अंश, म्हणजे पश्चिमेच्या जरा उत्तरेला. गोलावरची खरी दिशा आहे ३१९ अंश, जवळजवळ थेट वायव्य. वीस अंशांचा फरक. नकाशावर विसंबून खडकीहून २९९ अंशांवर झोत सोडला असता तर तेवढंच अंतर कापून तो अल्जीरियात उतरला असता. आणि खऱ्या दिशेला पडदा लावायचा तर खांबांची ओळ ईशान्य-नैऋत्य यायला हवी. विद्यार्थ्यांना मी हे गणित पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून करायला लावते. दोरा पुण्याहून निघून कास्पियन समुद्राकडे चढताना बघितला की पुन्हा सांगावं लागत नाही.

दिशेला किती वजन असू शकतं याचा मोठा दाखला सोव्हिएत संघाने स्वतःच दिला. अमेरिकेशी झालेल्या १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारात कलम होतं की हल्ल्याची आगाऊ सूचना देणारे नवे रडार देशाच्या सीमेवरच असावेत आणि त्यांचं तोंड बाहेरच्या बाजूला असावं. १९८३ मध्ये अमेरिकन उपग्रहांना सायबेरियात, क्रास्नोयार्स्क प्रदेशात येनिसेइस्कजवळ एक अजस्र रडार बांधला जात असताना दिसला. सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, आणि तोंड ईशान्येला, म्हणजे समोर हजारो किलोमीटर सोव्हिएत भूमीच. मॉस्कोचं म्हणणं, हा अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवण्यासाठी आहे. वाद वर्षानुवर्षं चालला. १९८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांना तो आतून पाहूही दिला. शेवटी १९८९ मध्ये परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे यांनी हा करारभंग होता हे उघडपणे मान्य केलं. रडारच्या आत काय आहे हा वाद घालता येण्यासारखा होता. इमारत कुठे आहे आणि कुठे बघते आहे, हे दोन मुद्दे मात्र फोटोत पक्के होते आणि करार नेमका त्या दोनच गोष्टींबद्दल बोलत होता.

६. एक सापडली की दुसरी शोधा.

प्रक्षेपक आणि ग्राहक एका जागी सुखाने नांदत नाहीत. शेजारी किलोवॉटांनी ओरडणारा असताना हजारो किलोमीटरवरून आलेली कुजबुज ऐकू येणार कशी? म्हणून मोठ्या केंद्रांची दोन बिऱ्हाडं असतात. खडकीच्या प्रक्षेपणाचं ग्रहण केंद्र होतं दौंडला, सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरवर. तिकडे इंग्लंडातही ग्रिम्स्बीजवळ प्रक्षेपण आणि स्केगनेसजवळ ग्रहण. चेर्नोबिलजवळची दुगा अँटेनाही फक्त ऐकणारी होती. टकटक करणारा प्रक्षेपक सुमारे ६० किलोमीटरवर ल्युबेचला. १९२७ चं दौंड आणि १९७६ चं युक्रेन, कारण तेच.

दोन्ही बिऱ्हाडं ओळखण्याची खूण म्हणजे वीज. प्रक्षेपकाकडे जाड वीजवाहिनी येते, उपकेंद्र असतं, जनरेटरची खोली, इंधनाच्या टाक्या, थंड करण्याच्या पाण्याची सोय. ग्राहक मात्र वीजवाहिन्या, रेल्वे आणि गावापासून अंग चोरून सपाट, शांत जागी बसलेला असतो.

७. माणसं कुठून चालतात ते बघा.

आणखी एक युद्धकथा, पण ही सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४१ च्या शेवटी फ्रान्सच्या किनाऱ्यावर, ल हाव्हरच्या उत्तरेला ब्रूनव्हाल गावाजवळच्या कड्यावर एक एकाकी बंगला होता. जवळच फ्रेया रडार होता, त्यात नवल नव्हतं. चार्ल्स फ्रँक यांना दिसलं की रडारकडून कड्याच्या कडेने येणारी वाट बंगल्याच्या दारात जात नाही. ती अलीकडेच संपते, आणि जिथे संपते तिथे एक बारीक ठिपका आहे. रोज माणसं त्या ठिपक्यापर्यंत चालत जातात, म्हणजे तिथे रोज करण्यासारखं काहीतरी आहे. ५ डिसेंबर १९४१ रोजी टोनी हिल नावाच्या वैमानिकाने स्पिटफायर कड्यावरून अगदी खालून नेऊन तिरका फोटो काढला. ठिपका निघाला वुर्झबर्ग. त्या फोटोंवरून मेडमनमच्या लोकांनी जागेची हुबेहूब प्रतिकृती बनवली, आणि २७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या पॅराशूट सैनिकांनी उतरून त्या रडारचे भाग उचकटून समुद्रमार्गे इंग्लंडला नेले. सोबत मुद्दाम एक रडार तंत्रज्ञ नेला होता, फ्लाइट सार्जंट कॉक्स, कुठला भाग काढायचा ते सांगायला.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. या छाप्याने हादरलेल्या जर्मनांनी आपल्या बाकीच्या रडारांभोवती काटेरी तारांची कुंपणं घातली. कुंपणाच्या तारा फोटोत दिसत नाहीत, पण तारांखालचं गवत कापता येत नाही, ते वाढतं आणि त्याची कडी दिसते. ज्या जागांबद्दल ब्रिटिशांना नुसता संशय होता त्याही मग उठून दिसू लागल्या. सुरक्षा वाढवली आणि पत्ता कळवला.

मी आता कुठलाही फोटो उघडला की अँटेना नंतर, आधी वाटा बघते. गाडीची वाट रुंद असते आणि वळणावर पसरते. पायवाट जवळचा मार्ग घेते, हुकूम काही का असेना. जी वाट कुठेच जात नाही, तिच्या टोकाला थांबायचं.

८. फोटोत गणवेश दिसत नाही.

शॉर्टवेव्ह प्रसारण केंद्राचा पडदा आणि लष्करी केंद्राचा पडदा एकाच भौतिकशास्त्रातून आलेले. मॉस्को रेडिओचं गाण्यांचं प्रक्षेपण आणि पाणबुड्यांना दिलेला हुकूम यांतला फरक खांबांवर लिहिलेला नसतो. म्हणून 'लष्करी' हे विशेषण अँटेनावरून लावायचं नाही, आजूबाजूवरून लावायचं: दुहेरी कुंपण, एका ओळीतल्या बराकी, वाहनांचे गोठे, जवळपास विमानवेधी तोफांचे खड्डे. बाकी फसवणारे पुष्कळ. द्राक्षबागा आणि हॉप्सच्या बागांचे खांब, सांडपाण्याच्या गोल टाक्या, फिरत्या सिंचनाची हिरवी वर्तुळं. यादी करत बसत नाही, ज्याची त्याची होतेच.

९. 'आहे', 'असावी' आणि 'असू शकेल' हे तीन वेगळे कप्पे आहेत.

व्यावसायिक विश्लेषक आपल्या टिपणात हे तीन दर्जे काटेकोर पाळतात. आपण गप्पांत सगळंच 'आहे' म्हणून टाकतो. मी वहीत प्रत्येक ओळीपुढे दर्जा लिहिते, आणि का तेही. वर्षाने उघडल्यावर 'असावी' कशावरून लिहिलं होतं हे आठवत नसेल तर ती नोंद खाली उतरवते. एकदा दिलेलं नाव फार चिवट असतं. पुढचा बघणारा फोटो न बघता नावच बघतो.

१०. आपल्या अंगणात हा खेळ खेळू नका.

आम्ही शिकवत होतो तेव्हा हवाई छायाचित्रांच्या पाठीवर गोपनीयतेचा शिक्का असायचा, ती कुलपात राहायची, वापरल्याची नोंद व्हायची. २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीचे नियम खूपच सैल झाले आणि ते चांगलंच झालं. तरी १९२३ चा गोपनीयता कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी साधं शहाणपण आहे. चालू असलेला, आपल्या किंवा कोणाच्याही सैन्याचा तळ शोधून त्यावर बाण काढून मित्रांना पाठवणं यात शिकण्यासारखं काही नाही. मी बघते ते बंद पडलेले, मोडलेले, संग्रहालय झालेले तळ. तिथे उत्तर पडताळताही येतं, ही त्यातली खरी सोय.

११. सुरुवात कुठून करायची, असं विचारतात.

चेर्नोबिलच्या दुगापासून. जागा नेटवर सहज सापडते, वेगवेगळ्या तारखांचे फोटो आहेत, उंची माहीत आहे. एका फोटोतली सावली मोजा, तारीख बघा, सूर्याचा कोन काढा, उंची काढा आणि १५० मीटरशी ताडून बघा. नंतर त्याच जंगलात रस्ते कुठून कुठे जातात ते काढा. मग कोरोनाकडे वळा. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर जागेवर चौकट काढली की उपलब्ध पट्ट्यांची यादी येते. आधी छोट्या चित्रात ढग बघून घ्या, मगच पैसे भरा. स्कॅन सात मायक्रॉनवर केलेले असतात, फाइल्स जड असतात, घरचा जुना संगणक कुरकुर करेल. डिसेंबर ते फेब्रुवारीतली पट्टी मिळाली तर तीच घ्या. आणि पुढच्या व मागच्या कॅमेऱ्याची जोडी. आरशांचा स्टिरिओस्कोप नसेल तर दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनीही जमतं, थोडी डोकेदुखी होते एवढंच.

यायचं असेल तर रविवारी सकाळी या. मात्र पृथ्वीचा गोल आमच्याकडे एकच आहे आणि दोऱ्यासाठी आधीच रांग असते.